शेकोटीची जागा

वणी तालुक्यातील आमचे राजूर हे कोळशाचे आणि चुन्याचे गाव. 'कॉलरी' हा शब्द गावाच्या नावाला अजूनही चिकटून आहे. विस्तवाशी ज्यांचे पोट बांधलेले, त्यांना शेकोटीचे अप्रूप ते काय? तरीही गेल्या हिवाळ्यात परसात एक कायमची शेकोटी बांधावी, असे मनाने घेतले.

खड्डा ३ फूट रुंद, १ फूट खोल. पाणी मुरावे म्हणून तळाशी खडी आणि कडेने पक्क्या भाजलेल्या विटा. येथील चुनखडीचा दगड मी टाळला. भट्टीत ज्याचा चुना होतो, तो विस्तवाशेजारी टिकावा कसा? ओढ्यातले ओले गोटेही तापले की तडकतात. हे सारे सोपे होते. अवघड ठरली ती जागा. घर आणि झाडे यांपासून दूर अशी एकच जागा मला दिसली, दक्षिणेच्या कुंपणालगत. पलीकडे शेजाऱ्यांचे घर. त्यांच्या वृद्ध आईला दमा. हिवाळी वारा उत्तरेचा. म्हणजे धूर थेट त्यांच्या खिडकीत. शिवाय शेताच्या धुऱ्यावरून त्या घराशी चार वर्षे आमचे बोलणे नव्हते.

"जागा आपली, लाकूड आपले," मी म्हणालो.

"आणि धूर?" पत्नीने एवढेच विचारले.

त्या एका शब्दाने मी निरुत्तर झालो. २५ कोटी वर्षांहून जुना कोळसा आमच्या भूमीतून निघतो. त्याची वीज दूरच्या शहरांत उजेड पाडते. धूळ मात्र आमच्या वाट्याला येते, अशी तक्रार आम्ही नेहमी करतो. ऊब एकाला आणि धूर दुसऱ्याला, हाच तो अन्याय ना? मग तोच मी माझ्या परसात, स्वतःच्या हातांनी बांधायला निघालो होतो! मालकी जमिनीपुरती असते; कृतीचे परिणाम कुंपण जाणत नाहीत.

संत योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचे दोन विस्तव आहेत. पहिला प्रमुख याजकाच्या अंगणातला. थंडी होती म्हणून पेत्र तेथे शेकत उभा राहिला आणि तेथेच त्याने आपल्या गुरूला नाकारले. दुसरा तिबिर्याच्या समुद्रकाठी, पहाटेचा. तो पेटवला होता ज्याला नाकारले गेले त्यानेच. वर मासळी होती, जवळ भाकर होती. या विस्तवासाठी योहानाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. विस्तव तोच, पण एकापाशी माणूस स्वतःला वाचवण्यासाठी उभा होता, तर दुसऱ्यापाशी चुकलेल्या माणसासाठी जागा राखलेली होती.

माझ्या शेकोटीचा प्रश्न याहून निराळा नव्हता. ती कोणाची, यापेक्षा ती कोणासाठी, हे महत्त्वाचे. आणि क्षमा मागायची की करायची, याचा हिशेब मिटेपर्यंत विस्तव थांबवायचा, तर तो कधीच पेटणार नाही.

अखेर उत्तरेचा कडबा हलवला आणि फाटकाजवळ, कुंपणापासून दूर खड्डा खणला. ओले लाकूड जाळायचे नाही, वारा असेल त्या रात्री पेटवायचे नाही, असे ठरवले. बसायला विटांचे अर्धवर्तुळ केले. फाटकाकडची बाजू मोकळी ठेवली. पहिल्या संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावणे धाडले. ते आले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी भेटले तेव्हा म्हणाले, "धूर आला नाही."

चार वर्षांतले ते पहिले वाक्य. मोकळी बाजू अजून तशीच मोकळी आहे.