संमती: सहीच्या अलीकडे

गीतेच्या अठराव्या अध्यायात, सांगायचे ते सारे सांगून झाल्यावर, भगवंत अर्जुनाला आज्ञा करीत नाहीत. याचा पुरता विचार कर आणि मग तुझी इच्छा होईल तसे कर, एवढेच म्हणतात, आणि त्यानंतरच अर्जुनाचा होकार येतो. सांगणारा साक्षात परमेश्वर, ऐकणारा शरण आलेला शिष्य, आणि तरीही निर्णय शिष्याच्या हाती. सज्जनहो, संमती समजून घ्यायची तर या प्रसंगापाशी थोडे थांबावे, कारण इथे श्रद्धाही पूर्ण आहे आणि प्रश्न विचारणेही पूर्ण आहे, आणि एकाने दुसऱ्याला उणेपणा आणलेला नाही.

रुग्णालयात मात्र आपण संमतीला सहीएवढी आखूड करून टाकली आहे. रुग्णाला आत न्यायची घाई असते, घरची माणसे गोंधळलेली असतात, कुणीतरी छापील कागद पुढे करते, रिकाम्या जागा मागाहून भरू म्हणते, आणि बोट ठेवलेल्या जागी आपण सही करून मोकळे होतो. संमती त्याच्या कितीतरी आधी मनात घडावी लागते, आणि तशी ती घडायला माहिती लागते, थोडी उसंत लागते, 'नको' म्हणण्याची मोकळीक लागते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात ही गोष्ट फार सावकाश उलगडली आहे. दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ साली पाळीच्या त्रासासाठी खासगी दवाखान्यात गेली. तिने सही केलेल्या कागदावर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा आणि प्रसंगी पोट उघडावे लागण्याचा उल्लेख होता. गर्भाशय काढण्याचा नव्हता. ती भुलीच्या अमलाखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईचा होकार घेतला गेला, आणि तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकले गेले. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि तत्काळ काही न केल्यास जीव जाईल अशी वेळ नाही, तर तिच्या वतीने दुसऱ्या कुणीही संमती देऊ शकत नाही. तपासणीला दिलेली संमती उपचाराला पुरत नाही, आणि ते उपचार हिताचे होते, त्याने दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याचा खर्च वाचला, हेही उत्तर होत नाही. आईच्या मायेत कसलीच खोट नव्हती. पण देह लेकीचा होता, आणि देहात वास करणाऱ्या चैतन्यावर ज्याची श्रद्धा आहे त्याला हा निकाल परका वाटू नये.

त्याच निकालात संमतीच्या पोटात काय काय असावे तेही सांगितले आहे: उपचाराचे स्वरूप आणि हेतू, त्याचा लाभ आणि परिणाम, दुसरे पर्याय असल्यास ते, ठळक धोके, आणि उपचार नाकारल्यास काय होईल. दूरच्या, क्वचित घडणाऱ्या धोक्यांची लांब यादी वाचून दाखवण्याची सक्ती न्यायालयाने डॉक्टरांवर केली नाही, आणि मला ते योग्य वाटते. पण एवढ्या गोष्टी आपल्या भाषेत, आपल्याला समजेल अशा शब्दांत ऐकल्यावाचून होकार देऊ नये, आणि रिकाम्या जागा असलेल्या कागदावर तर मुळीच सही करू नये.

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले, वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण, आणि चौथ्या पादाच्या गुणांत वैद्याचे सांगणे पाळण्याबरोबरच स्मरण, निर्भयता आणि आपला रोग नीट सांगता येणे हेही घातले. म्हणजे रुग्ण हा उपचार झेलणारा निव्वळ देह नव्हे, तोही चिकित्सा करणाऱ्यांपैकी एक आहे. जुन्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे कागद जवळ ठेवणे, कोणत्या औषधाचे वावडे आहे ते न विचारताही सांगणे, शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, या साऱ्याला मी संमतीची पूर्वतयारी मानतो. सुज्ञ डॉक्टर याने दुखावत नाहीत.

निर्भयता हा शब्द मात्र सहज ओलांडून जाता येत नाही, कारण भ्यालेल्या माणसाचा होकार किती पोकळ असतो हे आपल्या महाराष्ट्रानेच पाहिले आहे. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. शिवाय डोक्यावर मुकादमाची उचल होती, पाळीच्या दुखण्याने कामाचा खाडा पडला तर दंड होता, आणि फडावर ना आडोसा ना पाणी. त्यांच्या कागदांवर अंगठे असतील, सह्या असतील, पण जिथे 'नको' म्हणायची वाटच बुजवलेली आहे तिथल्या होकाराला संमती हे नाव द्यायला माझे मन तयार होत नाही. त्यांचे रक्षण करण्याचा भार त्यांच्यावरच टाकणे अन्यायाचे होईल. तिथे शासनाने, कारखान्याने आणि वैद्यकीय व्यवसायानेच उभे राहिले पाहिजे.

आणि संमती देऊन झाल्यावरही आपला अधिकार संपत नाही. दिलेली संमती शस्त्रक्रियेपूर्वी मागे घेता येते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे रुग्णाला मिळायला हवीत. प्रत्येक वाईट परिणाम हा निष्काळजीपणा नसतो, उत्तम हातांतूनही रुग्ण दगावतो, म्हणून मन शांत करून आधी ही कागदपत्रे लेखी मागावीत, ती दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांना दाखवावीत, आणि त्यांनाही दोष दिसला तर दोन वर्षांच्या मुदतीत ग्राहक आयोगाकडे जावे.