जुन्या वाहनाचे दान : त्याग की सुटका?

भारतीय संस्कृतीत दानधर्माला अनन्यसाधारण स्थान आहे. अन्नदान, वस्त्रदान, गोदान यांची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. काळ बदलला, तशा दानाच्या वस्तूही बदलल्या. एकेकाळी घराचे वैभव गोठ्यातील गाईंवरून मोजले जाई. आज ते दारातील वाहनावरून मोजले जाते. नवी गाडी घरी आली, की जुनी एखाद्या अनाथाश्रमाला, वृद्धाश्रमाला अथवा देवस्थानाला अर्पण करावी, अशी इच्छा अनेक भाविकांच्या मनात उत्पन्न होते. ही सदिच्छा स्तुत्यच आहे. परंतु किल्ली हाती देण्यापूर्वी दात्याने एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा : हा त्याग आहे, की नकोशा वस्तूपासून सुटका?

हा प्रश्न नवा नाही. कठोपनिषदाचा प्रारंभच त्यातून होतो. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ आरंभिला. पण दक्षिणेसाठी आणलेल्या गाई वृद्ध, दूध आटलेल्या, पुन्हा वासरू होण्याची आशा नसलेल्या अशा होत्या. कोवळ्या वयाच्या नचिकेताला हे पाहवले नाही. "मला कोणाला देणार?" असे तो पित्याला पुनःपुन्हा विचारू लागला. मोठ्यांनी स्वतःपासून लपविलेली गोष्ट बालकाने ओळखली होती. महाभारताच्या अनुशासनपर्वातही म्हाताऱ्या व रोगी गाईचे दान निषिद्ध मानले आहे.

या निषेधामागील कारण अत्यंत व्यावहारिक आहे. दूध न देणाऱ्या गाईलाही चारा लागतोच. म्हणजे दात्याच्या गोठ्यातील भार घेणाऱ्याच्या दारी जातो आणि पुण्य मात्र दात्याच्या नावे जमा होते! वाहनाचेही तसेच आहे. झिजलेले टायर, थकलेले इंजिन, संपत आलेला विमा, शिवाय इंधन आणि चालकाचे वेतन हा सारा खर्च संस्थेच्या तिजोरीवर पडतो. मुलांच्या दुधाचे पैसे गॅरेजमध्ये जाऊ लागले, तर त्या दानाने कोणाचे कल्याण साधले? संस्थाचालक बहुधा नकार देऊ शकत नाहीत. आज गाडी देणारा उद्या धान्य देईल, त्याला दुखवावे कसे, या संकोचाने ते हात जोडून स्वीकार करतात. घेणाऱ्याचे मौन ही त्याची संमती नव्हे, हे दात्यानेच ओळखले पाहिजे.

१९५१ साली पोचमपल्ली येथे विनोबाजींच्या भूदान यज्ञाला आरंभ झाला. भूमिहीनांसाठी लक्षावधी एकर जमीन लोकांनी अर्पण केली. अनेकांनी पोटच्या तुकड्यातून वाटा दिला. तथापि दानात आलेली बरीच जमीन खडकाळ, नापीक वा वादात अडकलेली निघाली. एवढ्या थोर कार्यातही सुपीक तुकडा मागे ठेवून नको तो देण्याचा मोह मनुष्याला सुटला नाही.

याचा अर्थ जुने वाहन दानास अपात्र आहे, असा मुळीच नाही. दहा वर्षे वापरलेली, परंतु नियमित देखभाल झालेली जीप डोंगराळ भागातील रुग्णाला वेळेवर दवाखान्यात पोचवू शकते. जुना टेम्पो अन्नछत्राचे धान्य वाहू शकतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र यांचा विचार सांगितला आहे. म्हणून संस्थेला वाहनाची गरज आहे का, ते चालविण्याची तिची शक्ती आहे का, हे आधी विचारावे. दोष न लपविता सांगावेत. शक्य तर दुरुस्ती करून व एक वर्षाचा विमा भरून वाहन द्यावे. दारावर स्वतःचे नाव रंगविण्याचा आग्रह धरू नये.

स्वतःचे स्वामित्व संपणे आणि दुसऱ्याचे उत्पन्न होणे, ही दानाची दोन अंगे धर्मशास्त्राने मानली आहेत. पहिले अंग वाहनाच्या बाबतीत अनेकदा अपुरे राहते. गाडी जाते, पण परिवहन कार्यालयातील नोंद दात्याच्याच नावे राहते. नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईचे उत्तरदायित्वही त्याचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा नावात बदल होईपर्यंत 'न मम' हा संकल्प पूर्ण झाला, असे म्हणता येत नाही. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर तिचे नूतनीकरण होते. ही मुदत किती उरली आहे, तेही संस्थेला आधीच सांगावे.

वाहन खरोखरच थकले असेल, तर ते शासनमान्य स्क्रॅपिंग केंद्राकडे सोपवून आलेली रक्कम दान करावी. आयकरातील देणगीची सवलतही पैशाच्या रूपातील दानालाच मिळते, वस्तुरूप दानाला नाही. रक्कम लहान असेल. पण ती कोणावर भार टाकणार नाही.

या सर्व विचाराचे सार एका साध्या कसोटीत आहे. ज्या गाडीत स्वतःच्या वृद्ध मातापित्यांना बसवून रात्रीच्या प्रवासाला पाठविताना मन शंकित होणार नाही, ती खुशाल दान करावी. मन शंकित होत असेल, तर नचिकेताचा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत आहे, असे समजावे.