पोट्टा कोणाचा?

कॉलेजचा क्रीडाशिक्षक गावात येतो, सामना बघतो, एका पोराच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "याला आमच्याकडे पाठवा." त्यानं गुण ओळखला, असं आपण सहज म्हणतो. मला मात्र ती उसनवारी वाटत आली आहे. आईबापानं भरवलेलं, गावात पळून पळून तयार झालेलं पोर तो नेतो. ते कसं परत करायचं, याचा हिशोब कुठंच लिहिलेला नसतो.

आमचं सौंदड महामार्गावर, गोंदिया-बल्लारशा रेल्वेवर. त्यामुळे नेणाऱ्यालाही सोपं, जाणाऱ्यालाही. खेळ म्हणाल तर मुख्यतः कबड्डी, फुटबॉल शाळेपुरता. धान निघाले की एखादी मोठी बांधी मैदान होते, चार धुरे म्हणजे चार रेषा. धसकटं तळपायाला टोचतात, तरी पोट्टे अंधार पडेपर्यंत हटत नाहीत.

त्यातलाच एक, डाव्या पायाचा. शहरातल्या एका कॉलेजच्या सरांनी त्याला नेला. फी भरली, बूट दिले, होस्टेलात ठेवला. गावानं बसथांब्यावर हार घातला. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. पहिल्या महिन्यात सरांचे दोन-तीन फोन आले, मग थांबले. होस्टेलची खोली नव्या खेळाडूला लागत होती. पोरगा घरी आला. आता राइस मिलवर कामाला जातो.

सर वाईट होते का? मला तसं म्हणवत नाही. विद्यापीठाच्या स्पर्धेत संघ उतरवायचा, तर त्यांना तयार पोरं हवीत. हरलेल्या संघाच्या सरांना कॉलेजात कोण विचारतो? पण मग "आम्ही गुणवत्ता निवडतो" हे तरी त्यांनी म्हणू नये. निवड चाचणी होते पावसाळ्यात, प्रवेश आटोपले की. आमच्याकडे तेव्हा रोवणा. घरातले सगळे हात चिखलात. चाचणीला जो पोचतो तो सगळ्यांत चांगला असतोच असं नाही. त्याच्या घरी एक हात कमी चालला, एवढंच त्यातून कळतं.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे हेही क्रीडाशिक्षकच. 2001 च्या पावसात त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटकी बादली लाथाडताना पाहिलं आणि खेळायला बॉल दिला. त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. 2022 च्या 'झुंड'मुळे ही गोष्ट आमच्या गावातही पोचली. पाहताना लोकांना अमिताभच जास्त दिसला, ते सोडा. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की बादलीवाल्यांतून चांगले तेवढे वेचून बाकीच्यांना त्यांनी घरी धाडलं नाही. एके काळी वाईट वाटेला लागलेला अखिलेश पॉल त्यांच्याकडे खेळायला लागला आणि 2010 साली रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला. चांगल्या चालीचं सर्टिफिकेट मागणाऱ्या कोणत्या चाचणीत तो टिकला असता?

आता कोणी म्हणेल, बारशांसारखं प्रत्येकाला कसं जमेल? नाहीच जमणार. माझं मागणं त्याहून लहान आहे. नेलेल्या पोराचा पाय मोडला तरी त्याची डिग्री पुरी होईपर्यंत खोली त्याचीच राहावी. मोहफूल वेचणारासुद्धा पुढच्या वर्षासाठी झाड राखतो.

हे सगळं मी एकदा त्या पोरालाच बोलून दाखवलं. वाटलं, तो मान डोलावेल. तो म्हणाला, "गुरुजी, ते सर नसते आले तर मी गोंदियाच्या पुढं गेलोच नसतो. दोन वर्षं खेळलो ना! तुमाले गुडघाच दिसते."

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्याचे दोन वर्षांचे सामने मी पाहिलेच नव्हते. पण त्याचा बाप बाजूला बिडी ओढत बसला होता, तो म्हणाला, "दोन वर्षं खेळला, खरं हाये. मंग तिसऱ्या वर्षाचा पेपर कायले नाही देऊ देला?"

पोरगा उठून सायकल काढायला गेला. त्याची रात्रपाळी होती.