सर्व एकाच माळेचे मणी?

निवडणूक जवळ आली कीं आमच्या खेडेगांवांत एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. एरवीं ज्याची मोटार धुरळा उडवीत वाडीवरून निघून जाते, तो गृहस्थ त्या दिवशीं वाडीच्या तोंडाशीं मोटार थांबवून पायीं येतो. म्हाताऱ्या बाईच्या पायां पडतो, कोणाच्या तरी ओसरीवर घोंगडीवर मांडी घालून बसतो, पिठलें-भाकर मागून घेतो आणि चार घास खाऊन म्हणतो कीं, मीहि शेतकऱ्याचाच मुलगा आहें, तुमचें दुःख मला कोणीं सांगावयास नको. बरोबरचा मनुष्य छायाचित्र घेतो. मोटार गेल्यावर ओसरीवर थोडा वेळ शांतता असते. मग कोणी तरी म्हणतें, "आतां यांना पांच वर्षांनींच भूक लागेल!" सर्वजण हंसतात आणि विषय संपतो.

या हंसण्याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. 'कोणीहि आला तरी काय, सर्व एकाच माळेचे मणी,' हें वाक्य पारावर, आठवड्याच्या बाजारांत, एस्. टी. च्या थांब्यावर, आणि खरें सांगावयाचें तर उपासना सुटल्यावर मंदिराच्या अंगणांतहि ऐकूं येतें. बोलणारा तें शहाणपण म्हणून बोलतो. तें खरोखर शहाणपण आहे काय? आणि ख्रिस्ती मनुष्यानें तें बोलावें काय?

संशय घेणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं एवढें कबूल केलें पाहिजे कीं, हा संशय अनुभवानें शिकविलेला आहे. पवित्र शास्त्रहि या बाबतींत भोळें नाहीं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायांत अबशालोमाची हकीकत आहे. तो राजपुत्र, त्यानें रथ व घोडे ठेविले होते आणि त्याच्यापुढें पन्नास माणसें धांवत असत. असा मनुष्य सकाळीं लवकर उठून वेशीच्या वाटेवर उभा राही. कज्जा घेऊन राजाकडे निघालेला कोणी दिसला कीं त्यास जवळ बोलावी, त्याचें गांव विचारी, त्याची बाजू खरी आहे असें सांगे, परंतु राजाच्या वतीनें ती ऐकून घेणारा कोणी नाहीं, अशी हळहळ करी. न्याय करणें आपल्या हातीं असतें तर सर्वांना न्याय मिळाला असता, असेंहि वर बोले. कोणी नमन करावयास वांकला तर त्यास हात देऊन जवळ घेई व त्याचें चुंबन घेई. शास्त्रकार याला मनांची चोरी असें नांव देतो. पुढें हींच चोरलेलीं मनें अबशालोमानें आपल्या बापाविरुद्ध बंड उभारण्याकरितां वापरलीं.

परंतु याच्या मागचा अध्याय आपण बहुधा घाईनें वाचतों. सेनापति यवाब दोनदां बोलावूनहि येईना, तेव्हां याच अबशालोमानें आपल्या चाकरांकडून यवाबाच्या सातूच्या शेतास आग लावविली. शेतकऱ्यानें हें वाचून थोडें थांबावें. ज्या मनुष्यानें वेशीपाशीं गांवकऱ्यास मिठी मारली, त्याला आपलें काम अडतांच दुसऱ्याच्या शेतांतलें पीक जाळावयास दिक्कत वाटली नव्हती. आणि क्रम पाहा: चुंबन मागाहून झालें, शेत आधीं जळलें होतें. ज्यानें त्या शेताकडे पाहिलें असतें, तो त्या चुंबनास भुलला नसता.

हा प्रकार केवळ प्राचीन काळचा, किंवा केवळ राजपुत्रांचा, असें कोणीं समजूं नये. लोकांनीं आपला अधिकारी आपण निवडावा ही पद्धत जेथें रुजली, तेथेंहि तो आढळतो. १८४० सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षाची निवडणूक झाली. व्हिग पक्षाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन हे होते. विरुद्ध पक्षाच्या एका वर्तमानपत्रानें त्यांची थट्टा केली कीं, या म्हाताऱ्याला सफरचंदाच्या दारूचें पिंप आणि थोडें वेतन द्या, म्हणजे तो आपल्या लांकडी झोंपडींत स्वस्थ बसेल. व्हिग पुढाऱ्यांनीं ती थट्टाच उचलली आणि झोंपडी हेंच आपलें निशाण केलें. मिरवणुकींतून ओंडक्यांच्या झोंपड्या ओढीत नेल्या, आणि आमचा उमेदवार झोंपडींतला आहे असा गजर केला. वस्तुतः हॅरिसन यांचा जन्म १७७३ सालीं व्हर्जिनियांतील एका मोठ्या विटांच्या वाड्यांत झाला होता. तेथील मळ्यावर गुलाम राबत असत, आणि १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत त्यांचे वडील होते. उलट, ज्या मार्टिन व्हॅन ब्युरन यांना सोन्याच्या चमच्यानें जेवणारे म्हणून हिणविलें, ते खेड्यांतील एका खाणावळवाल्याचे पुत्र होते. हॅरिसन २३४ विरुद्ध ६० निर्वाचक-मतांनीं निवडून आले, आणि अधिकार हातीं आल्यावर एका महिन्यानें, ४ एप्रिल १८४१ रोजीं, मरण पावले. झोंपडीच्या नांवावर दिलेल्या मतांचें फळ कसें येतें, हें पाहण्याची संधीहि लोकांस मिळाली नाहीं.

आपल्या देशांत १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हां सुमारें १७ कोटि ३० लक्ष मतदार होते आणि त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून मतपेट्यांवर चिन्हें लाविलीं: कोणाची बैलजोडी, कोणाची झोंपडी, कोणाचें कणीस व विळा. ही सोय योग्यच होती, व तींत कपट नव्हतें. चिन्हें आपल्या घरचीं व शेतांतलीं होतीं. मत कोणत्या पेटींत टाकावें हें त्यांवरून कळलें. परंतु ज्याची झोंपडी त्याचें मन कसें, हें झोंपडीचें चित्र सांगूं शकत नव्हतें. पिठलें-भाकरीचें छायाचित्रहि तें सांगूं शकत नाहीं.

मग खरा आपला मनुष्य ओळखावा कसा? याचें उत्तर नहेम्याच्या चरित्रांत आहे. नहेम्या हा गरिबांतला नव्हता. तो शूशन येथील राजवाड्यांत राजाचा प्यालेबरदार होता, आणि पुढें यहूदाचा अधिपति झाला. आपण गरिबाचे पुत्र आहों असें तो कोठेंहि म्हणत नाहीं. त्याच्या पुस्तकाचा ५ वा अध्याय उघडून पाहा. दुष्काळ पडला होता; धान्यासाठीं लोकांनीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकिलीं होतीं; राजाचा कर भरण्यासाठीं कर्ज काढिलें होतें; कित्येकांच्या मुली दास्यांत गेल्या होत्या. ही ओरड ऐकून नहेम्यानें सरदारांस व अधिकाऱ्यांस समोर उभें केलें, आणि आपण स्वतः व आपले भाऊबंदहि लोकांना पैसे व धान्य कर्जाऊ देत आहों, हें त्यानें सर्वांदेखत सांगितलें. मग त्यानें लोकांचीं शेतें त्यांस परत करविलीं. बारा वर्षें अधिकारावर असतां अधिपतीच्या हक्काचा भत्ता त्यानें घेतला नाहीं. त्याच्या पूर्वीचे अधिपति तो लोकांकडून घेत असत. भिंतीच्या कामांत तो राहिला, आणि त्यानें आपल्यासाठीं शेत विकत घेतलें नाहीं.

वाचकहो, या दोन मनुष्यांमध्यें शेत हीच कसोटी आहे. एकानें गांवकऱ्याचें चुंबन घेतलें, आणि शेत जाळलें. दुसऱ्यानें कोणाचें चुंबन घेतल्याचें लिहिलेलें नाहीं, पण शेत परत दिलें. आपलेपण हें जेवणाच्या पानावर कळत नाहीं. सोसण्याच्या वेळीं कोण आपला लाभ सोडतो, यावर कळतें. आपला प्रभु दासाच्या रूपानें आला असें आपण मानतों. तोहि चार दिवसांपुरता आला नाहीं. तीसएक वर्षें तो नासरेथांत राहिला, सुतारकी केली, आणि शेवटीं त्याची किंमत आपल्या देहानें दिली.

आतां आपण पुन्हां त्या ओसरीवरच्या हंसण्याकडे येऊं. 'सर्व सारखेच' असें जो म्हणतो, त्यानें अबशालोमाला ओळखलें हें खरें. परंतु त्याच वाक्यानें त्यानें नहेम्यालाहि अबशालोम ठरविलें, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. तालुक्यांत शंभर लबाड असतील. पण एखादी ग्रामपंचायतीची सदस्या उन्हातान्हांत खेटे घालून वाडीच्या नळाचें काम मंजूर करून आणते, ठेकेदाराचा पैसा घेत नाहीं, त्यासाठीं शिव्या खाते, आणि तिच्याविषयींहि आपण म्हणतों, 'तिनेंहि खाल्लेच असतील.' ही खोटी साक्ष नव्हे काय? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, ही नववी आज्ञा केवळ न्यायकचेरीपुरती नाहीं; ती पारावरच्या बोलण्यासहि लागू आहे. अशा बोलण्यानें लबाडाचें कांहीं बिघडत नाहीं. उलट त्याला गर्दींत लपावयास जागा मिळते. खरा मनुष्य मात्र खचतो आणि पुढच्या वेळीं उभा राहत नाहीं. मग माळेंत खरोखरच एका जातीचे मणी उरतात, आणि ती माळ आपणच ओंवलेली असते.

यांत आणखी एक खोल गोष्ट आहे, ती बोलावयास कठीण वाटते तरी बोलली पाहिजे. मतदानाच्या आदल्या रात्रीं कोणी दारावर येऊन पाकीट देतो. घेणारा म्हणतो, "सर्व चोरच आहेत, आमचाच पैसा आम्हांला परत आला, त्यांत पाप कसलें?" पाहा, सर्वांना चोर म्हणण्याची गरज येथें उत्पन्न झाली आहे. एक जरी उमेदवार प्रामाणिक असेल तर त्याला डावलून पैसे घेणें हा विश्वासघात ठरतो. म्हणून सर्वच चोर असणें आपल्याला सोयीचें असतें. आपला अविश्वास कित्येकदां डोळस नसतो. तो आपल्या पाकिटावर घातलेलें पांघरूण असतो. मतासाठीं लांच देणें व घेणें हीं दोन्ही कायद्याच्या दृष्टीनें गुन्हा आहेत. देवाच्या दृष्टीनें घेणारा कमी दोषी व देणारा अधिक, असा हिशेब करीत बसण्यापेक्षां दार लावून घेणें बरें.

मग काय, पुन्हां भोळें व्हावें? मुळींच नाहीं. शुभवर्तमानांत नथनेलाची गोष्ट आहे. नासरेथकराविषयीं ऐकतांच त्यानें शंका घेतली कीं, त्या गांवांतून चांगलें काय निघणार? त्याचा हा प्रश्न आपल्या ओसरीवरच्या थट्टेसारखाच आहे. पण फिलिप्पानें येऊन पाहा म्हणतांच तो उठला व गेला. आणि प्रभूनें त्याच्या शंकेबद्दल त्याला दोष दिला नाहीं, उलट त्याच्या निष्कपटपणाची वाखाणणी केली. संशय घेणें हें पाप नाहीं. संशय घेऊन जागचें न हलणें, हा आपला दोष आहे. परीक्षा करणारा पाहावयास जातो. थट्टा करणारा न पाहतांच निकाल देतो.

पाहावयाचीं साधनें आज खेड्यांतहि आहेत. २००३ सालापासून लोकसभेच्या व विधानसभेच्या उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले शपथपत्रांत लिहून द्यावे लागतात, व तें शपथपत्र कोणासहि पाहतां येतें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें रस्त्याच्या वा टाकीच्या खर्चाचा कागद मागतां येतो. ग्रामसभेंत उभें राहून हिशेब विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदारास आहे. २०१३ सालापासून लोकसभा-विधानसभेच्या मतदानांत 'वरीलपैकीं कोणीहि नाहीं' असें सांगण्याचीहि सोय आहे. पण तें बटणहि पाहून व तपासून दाबावें, कंटाळून नव्हे. शमुवेल वृद्ध झाल्यावर सर्व लोकांपुढें उभा राहिला, आणि आपण कोणाचा बैल वा गाढव घेतलें असेल, कोणाकडून लांच घेतली असेल, तर त्यानें समोर सांगावें, असें त्यानें आव्हान केलें. अशा प्रश्नाला उत्तर देण्यासाठीं लोकहि सभेस हजर असावे लागतात. रिकाम्या ग्रामसभेंत शमुवेल आला काय आणि अबशालोम आला काय, दोघांचा हिशेब सारखाच मंजूर होतो.

शेवटीं दोन शब्द उपदेशक बंधूंस. लोक ज्या डोळ्यांनीं उमेदवाराकडे पाहतात, त्याच डोळ्यांनीं आपणांकडेहि पाहतात. आपणहि ओसरीवर बसतों, भाकर खातों, 'मी तुमच्यांतलाच' असें म्हणतों. वर्गणीच्या किंवा सुगीच्या सणाच्या वेळींच आपली पावलें वाडीकडे वळत असतील, तर त्यांचें हंसणें आपल्यालाहि लागू आहे, आणि तें आपण निमूटपणें ऐकून घ्यावें. परंतु तापांत पडलेल्या मनुष्याच्या उशाशीं रात्र काढणारा, मंडळीच्या पैशाचा हिशेब पै-पैसहित वाचून दाखविणारा आणि आपल्या चुलत्याला वेगळा न्याय न देणारा एक उपदेशक ज्या गांवांत असेल, त्या गांवाला सर्व मणी सारखे नसतात हें व्याख्यानानें शिकवावें लागत नाहीं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

म्हणून पुढच्या वेळीं मोटार वाडीच्या तोंडाशीं थांबेल तेव्हां पाहुण्यास भाकर द्यावी. तो आपला धर्म आहे. मग त्यास शेतांविषयीं विचारावें: कोणाचीं जाळलीं, आणि कोणाचीं परत दिलीं. उत्तर ऐकून तें खरें कीं खोटें हें पाहावयास आपण स्वतः उठून जावें. आणि तोंवर 'सर्व सारखेच' हें वाक्य आपण आपल्या ओठांवर येऊं देऊं नये.