गुळवेलीची मात्रा

ठाकुर्लीत रेल्वेच्या बाजूने चालताना जुन्या झाडांवर चढलेली गुळवेल दिसते. पान पिंपळासारखं, पण टोक आखूड. सालीचे पापुद्रे बोट लावताच सुटतात आणि आत हिरवं, ओलसर, कडूजहर खोड असतं. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा उकळत होता.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर फार आधी काम झालं. झाडांवर मराठीत जीव लावून लिहिणाऱ्या डॉ. शारदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पित्तमार्ग अडून कावीळ झालेले 30 रुग्ण होते. अशा रुग्णांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जंतू गिळण्यात आणि मारण्यात उण्या पडतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरतो. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर वजनाच्या दर किलोला रोज 16 मिलिग्रॅम गुळवेल दिली. त्याच गटात पेशींची ताकद पूर्ववत झाली. गुळवेल न मिळालेल्या गटात निम्म्या रुग्णांना संसर्गाने ग्रासलं, मिळालेल्यांपैकी एकालाही नाही. रुग्ण थोडे होते, हे खरं. पण प्रश्न नेमका होता आणि पेशी मोजून उत्तर दिलं होतं, म्हणून मला ते काम मोठं वाटतं.

जंतू गिळणाऱ्या पेशी प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफने 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला पाहिल्या, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून. काट्याभोवती त्या गोळा झाल्या. दाह म्हणजे हेच गोळा होणं. वेळेवर आवरला तर जखम भरते, लांबला तर सांधा झिजतो.

गुळवेल या पेशींना चेतवते की शांत करते? दोन्ही. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची बहुशर्करा वेगळी केली, ती भक्षक पेशींना जागं करते. तिचेच दुसरे अर्क मात्र प्रयोगशाळेत भडकलेल्या पेशींमधले दाहकारक रेणू कमी करतात. म्हणजे कुठला अर्क, कुणाला, किती दिवस, यावर सगळं अवलंबून. मात्रा आणि काळ पाहूनच औषध द्यावं, हे चरकसंहितेपासूनचं शहाणपण. 'प्रतिकारशक्ती वाढते' एवढ्याच शब्दांवर विसंबून आपण ते सोडून दिलं.

2021 साली डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी मुंबईतले सहा रुग्ण नोंदवले. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. काहींमध्ये स्वतःच्याच यकृतावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीची लक्षणं दिसली. आयुष मंत्रालयाने निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि दुसऱ्याच वनस्पतीची गल्लत झाली असेल, असं म्हटलं. वेलीची ओळख पटवायलाच हवी. पण झोपलेली व्याधी चेतवली जाऊ शकते ही शंका त्याने मिटत नाही, कारण पेशींना जागं करणं हा तर या वेलीचा गुणच.

ऑटोइम्यून थायरॉइडचा किंवा आमवाताचा त्रास असलेल्या ओळखीच्यांना मी सांगतो, काढा सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करा आणि डॉक्टरांना गुळवेलीचं नाव सांगा. बहुतेक जण ते सांगतच नाहीत. काढा त्यांच्या लेखी औषधात धरलेलाच नसतो.