बाळाची शाळा कोणी निवडायची?



पवित्र कुटुंबाच्या सणासाठी मत्तयलिखित शुभवर्तमानातून इजिप्तला जाण्याची हकीकत वाचली जाते. तिच्या शेवटाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. हेरोद मरण पावल्यावर योसेफ परत निघाला, पण यहूदियात अर्खेलाव राज्य करतो हे ऐकून तो तिकडे जाण्यास भ्याला आणि स्वप्नातील सूचनेनुसार नाझरेथला राहिला. बाळ येशू कोठे वाढणार हे राजाने ठरवले नाही. परमेश्वराच्या इशाऱ्यावरून एका सुताराने ठरवले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. मुलांच्या शिक्षणाचा पहिला हक्क व पहिले कर्तव्य आईवडिलांचे, असे त्यात सांगितले आहे. एवढ्यावर परिषद थांबली नाही. आईवडिलांना खरोखर मोकळेपणाने शाळा निवडता यावी अशा रीतीने सरकारी पैसा खर्च व्हावा, असेही तिने सांगितले.

‘खरोखर’ या शब्दावर आपण थोडे थांबू या. दौंडमध्ये ज्याची नोकरी कायम आहे त्याला निवड आहेच. रोजंदारीवर जाणाऱ्याला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माउलीला कोणती शाळा हवी, हे कोण विचारतो? फीचा आकडाच तिच्या वतीने उत्तर देतो.

आपल्या देशात या शिकवणीच्या सर्वांत जवळ जाणारा कायदा म्हणजे २००९ चा शिक्षणहक्क कायदा. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत फी घ्यायची नाही आणि सरकारने ठरलेल्या दराने शाळेला रक्कम भरून द्यायची, अशी त्यात सोय आहे. (ती वेळेवर मिळत नाही ही शाळांची तक्रार जुनी आहे.) ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला सूट! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. जिल्हा परिषदेची शाळा कमी प्रतीची असते असे आम्ही म्हणत नाही. आपल्यातील कितीतरी जण तेथेच शिकले. पण ज्याच्याकडे पैसा नाही त्याला तेवढी एकच वाट उरली असती.

आता अवघड गोष्ट. कॅथलिक शाळांना हा २५ टक्क्यांचा नियम लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी घटनेच्या ३० व्या कलमाच्या आधारे सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायाधीशांनी त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला. ३० वे कलम आपल्याला मोलाचे आहे आणि त्यासाठी आपण बोललेच पाहिजे. पण ते शाळेचा आत्मा जपण्यासाठी आहे, गरिबाला फाटकाबाहेर ठेवण्यासाठी नव्हे. अल्पसंख्याक शाळांत वंचित घटकांतील मुले फक्त ८.७६ टक्के, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ च्या अहवालात म्हटले. आयोगाच्या हेतूविषयी कोणी शंका घ्यावी, आकडा मात्र टोचतो. आईवडिलांच्या हक्काची भाषा आपण सरकारपुढे बोलायची आणि स्वतःच्या प्रवेशखिडकीवर विसरायची, हे प्रभूपुढे कसे चालेल? कायद्याने मागितले नाही तरी आपल्या शाळांनी त्या जागा आपणहून द्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. धर्मग्रामातील जे बंधुभगिनी शाळांच्या समित्यांवर आहेत त्यांनी हा विषय बैठकीत मांडावा.

आणि ज्यांची मुले शाळेच्या वयाची झाली आहेत त्यांनी इतर खासगी शाळांसाठी २५ टक्क्यांचा अर्ज जरूर भरावा. अर्ज ऑनलाइन असतो, निवड सोडतीने होते. रहिवासाचा पुरावा व मुलाचा जन्मदाखला आताच शोधून ठेवावा. दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्यांना वार्षिक १ लाख रुपयांच्या आतील उत्पन्नाचा दाखला लागतो. स्नानसंस्काराचा दाखला आम्ही पाच मिनिटांत देऊ, पण उत्पन्नाचा तहसील कार्यालयातूनच आणावा लागेल आणि त्याला दिवस लागतात. तारीख जाहीर झाली की मिस्सेनंतर सांगण्यात येईल. ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांच्याजवळ बसायला आपल्या तरुणांपैकी कोण तयार आहे, त्यांनी आजच नावे द्यावीत.