कोणाच्या बऱ्यासाठी

कालीपूजा उलटली की डमडमच्या गच्च्यांवर फ्लॉवरची रोपं लावायची घाई सुरू होते. यंदा माझ्या ट्रेमध्ये चाळीसेक उगवली होती. कुंड्या मात्र नऊ. चार-पाच पानांवर आल्यावर पाणी थोडं तोडलं, लावणीच्या दिवशी भरपूर दिलं आणि ऊन उतरल्यावर चमच्याने एकेक रोप उचलू लागले. कितीही जपा, मुळं तुटतातच.

"चालतं," मी आईला म्हटलं, "सोटमूळ तुटलं की बाजूने तंतुमुळं फुटतात. त्याच्या बऱ्यासाठीच."

डोक्यावरून विमान गेलं. ते लांब गेल्यावर आई म्हणाली, "त्याच्या?"

बाबा गेल्यावर तिला सांगलीहून इकडे आणताना मी हेच शब्द वापरले होते.

भाषांतराला रोपलावणीची उपमा मी इतक्या परिसंवादांत ऐकली आहे की आता कंटाळा येतो. त्या उपमेत रोप नेहमी बहरतं आणि उचलणारा हात कधी दिसत नाही. खरं तर कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळाला उपटून घेण्याची काही गरज नसते. जागच्या जागी बी टाकून विरळणी केली तरी झाड येतं. उलट सोटमूळ खोल जातं, पाण्याची ओढ जास्त सोसतं. ट्रेमध्ये रोपं करतो ते आपण, आपल्यासाठी: बी महाग, जागा कमी, कोवळेपणी एका जागी राखायला सोपं. तंतुमुळं फुटतात हे खरं, पण ती रोपाने भरून काढलेली झीज असते.

पलीकडच्या गच्चीवरच्या मासीमांचं कुटुंब फाळणीनंतर बरिशालहून आलं. डमडमच्या कितीतरी वस्त्या अशा निर्वासितांनी उभ्या केल्या. म्हणून फाळणी त्यांच्या बऱ्यासाठी झाली, असं त्यांना तोंडावर कोण सांगेल?

विल्यम केरीने १८०५ मध्ये इथल्या श्रीरामपूरला (नगरचं नव्हे) मराठी व्याकरण छापलं, आणि १८२० मध्ये कोलकात्यात शेती-बागायतीची सोसायटी काढली. मराठी इथे रुजवली ती कंपनीच्या अधिकाऱ्यांना शिकता यावी म्हणून. निदान गरज कोणाची, ते उघड होतं.

आईला आणलं ही चूक झाली, असं मला अजूनही वाटत नाही. रात्री फोन वाजला की सांगलीला धावणं मला झेपत नव्हतं. तेव्हा हेच सांगायला हवं होतं. त्यावर ती हो किंवा नाही म्हणू शकली असती. 'तुला तिथे बरं वाटेल' या वाक्याने तिच्यावर नुसते उपकार चढवले.

दोन दिवस केळीच्या सोपटांची सावली केली, चौथ्या दिवशी आंबवणी दिली. नवांपैकी आठांनी जीव धरला. महिन्याभरापूर्वी आईने, मला न सांगता, एका फुटक्या बादलीत तीन बिया थेट टाकल्या होत्या. दोन खुडून एक ठेवलंय. त्याला हात लावायचा नाही, असं तिने मला बजावलंय.